डार्करूमची लेन्स कपाशीच्या रानात

बीड जिल्ह्यातल्या गेवराई, माजलगाव, वडवणीच्या काळ्या रानात कपाशीला पाती लागली की गुलाबी बोंडअळीची चाहूल लागते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. पतंगाची मादी पात्या-फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. एकेक अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. अळी बोंडात शिरते आणि मागे छिद्रही बुजतं. बहुतेकांना कळतं ते डोमकळी, म्हणजे न उमलता मिटून राहिलेलं फूल, दिसल्यावर. बोंडअळीचा वैरी ट्रायकोग्रामा हा मित्रकीटकही तेवढाच, अर्ध्या मिलिमीटरचा. त्याची ट्रायकोकार्ड पानांना लावणाऱ्या किती जणांनी तो नीट पाहिला असेल?

तो नीट टिपायचा तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याची प्रतिमा मूळ आकाराच्या चार-पाचपट उमटायला हवी. कॅननची १९९९ सालची ६५ मिलिमीटरची एमपी-ई ही लेन्स नेमकी याच कामाची, पण तिच्यासाठी हजारो रुपये लागतात. तेवढे खर्चायची गरज नाही, असं मला ठामपणे वाटतं.

रिळाच्या काळात तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओंत डार्करूम असायची आणि तिच्यात एन्लार्जर. त्याची ५० मिलिमीटरची लेन्स २४ मिलिमीटर रुंदीच्या निगेटिव्हवरून आठ इंच रुंदीचा फोटो छापायची, म्हणजे साधारण साडेआठपट वाढ. सपाट आणि अगदी जवळची वस्तू कडेपर्यंत रेखीव मोठी करणं, हेच तिचं काम. निगेटिव्हच्या जागी कपाशीचं पान आणि कागदाच्या जागी सेन्सर आला, तरी तिच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. फक्त निगेटिव्हकडची बाजू पानाकडे हवी, म्हणून ती कॅमेऱ्याला उलटी लावायची. निकॉनच्या एल-निक्कोर किंवा श्नायडरच्या कंपोनॉन लेन्स आज जुन्या बाजारात पडून असतात. घेताना मागून बॅटरीचा उजेड टाकून आत बुरशीची जाळी नाही ना, एवढं बघावं.

तीही मिळाली नाही, तर जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स काही शे रुपयांच्या रिव्हर्स रिंगवर उलटी बसवता येते. इथे जुनेपण हाच गुण आहे. तिचं छिद्र लहान-मोठं करायची कडी लेन्सवरच असते. आजच्या बहुतेक लेन्सचं छिद्र कॅमेरा विजेच्या संपर्कातून हलवतो. लेन्स उलटी केली की तो संपर्कच तुटतो.

वाढीचं गणित सोपं आहे. लेन्स पुढे सरकवून जे जादा अंतर मिळतं, त्याला फोकल लांबीने भागायचं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २०० मिलिमीटर अंतर दिलं की ढोबळमानाने चारपट. बेलोज किंवा एक्स्टेंशन ट्यूब एवढ्यासाठीच लागतात.

खरी परीक्षा त्यापुढे. चारपट वाढीला एफ/४ वर जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी खोलीच स्पष्ट दिसते. डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर. छिद्र बारीक करून भागत नाही, कारण चारपट वाढीला एफ/१६ हे एफ/८० सारखं वागतं आणि प्रकाशाच्या विवर्तनाने सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून कॅमेरा स्क्रूच्या रेलवर केसभर सरकवत वीस-तीस फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांतले स्पष्ट भाग जोडायचे. सेन्सरवर पोचणारा प्रकाश पंचविसाव्या हिश्शावर येतो, म्हणून फ्लॅश हवाच, पुढे ट्रेसिंग पेपर लावून. शेतातल्या वाऱ्यात हे जमणं कठीण. फांदी तोडून घरात आणावी.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग कपाशीवाल्याला थेट आहे. बोंडअळीचं अंडं आधी पांढरट असतं आणि उबत आलं की नारिंगी होतं. ट्रायकोग्रामाने आत आपलं अंडं घातलं असेल, तर ते काही दिवसांत काळं पडतं. हातभिंगातूनही हा फरक कळतो, पण हातभिंगातलं दृश्य दुसऱ्याला दाखवता येत नाही. फोटो मात्र अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पोचतो आणि फवारणी करून मित्रकीटकच मारून टाकण्याआधी विचारता येतं.