सारखी दिसते, सारखी नसते

भुरी एक नव्हे. द्राक्षाची भुरी आंब्यावर जात नाही, आंब्याची द्राक्षावर येत नाही. पांढरी भुकटी तीच, बुरशी वेगळी. (द्राक्षावरचा केवडा हा रोग करणारा जीव तर खरी बुरशीही नव्हे, तो शेवाळांच्या दूरच्या नात्यातला.)

यजमान : परजीवी ज्या वनस्पतीवर जगतो ती. भुरी आणि तांबेरा या रोगांच्या बुरशींना जिवंत पेशीच लागतात. वाळक्या काडीवर त्यांची वाढ होत नाही.

विशेष रूप : एकच जाती, पण पीक ठरलेले. काळ्या तांबेऱ्याची गहू, राय आणि ओटवरची रूपे वेगळी असल्याचे स्वीडनच्या याकोब एरिक्सन यांनी १८९४ मध्ये दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली ती जवळपास सारखीच.

रेस : विशेष रूपाच्या पोटातला भेद. पीक तेच, पण कोणते वाण बळी पडेल हे रेसवर ठरते. युगांडात १९९८ मध्ये सापडलेली ‘यूजी९९’ ही गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याची रेस.

दुसरे घर : काळा तांबेरा गव्हावर अलैंगिक रीतीने वाढतो, लैंगिक प्रजनन बार्बेरीच्या, म्हणजे दारुहळदीच्या कुळातल्या, झुडपावर.

नवी जाती कशी फुटते?
• भुरीचे मीलन यजमानाच्या पानावरच होते. यजमान वेगळे झाले, की जनुकांची देवाणघेवाण आटते आणि वंश दुरावतात.
• कधी उलटेही घडते. ट्रिटिकेल हे गहू आणि राय यांच्या संकराचे पीक. बराच काळ त्यावर भुरीचा उपद्रव नव्हता. २००१ पासून युरोपात तो दिसू लागला. जीनोम तपासल्यावर ही भुरीदेखील गव्हावरच्या आणि रायवरच्या भुरीचा संकर निघाली.