शेतकामात निखळलेले बोट : ओळख, उपचार आणि पुढची निगा

बेंगळूरुच्या चामराजपेटेला लागून कृष्णराजेंद्र बाजार आहे. पुरते उजाडण्यापूर्वीच तेथे फुलांची व भाजीपाल्याची वाहने रिकामी होऊ लागतात. कोणी दोरीत बोटे अडकवून गोणी खेचतो, कोणी टेम्पोच्या फाळक्याला धरून खाली उडी घेतो. १८९२ साली वसलेल्या या पेठेपासून आणि बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर १९०० साली सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय उभे आहे. आंध्र प्रदेशातील पुत्तूरच्या परंपरेने हाडे बसवणाऱ्यांच्या पाट्याही याच शहरात दिसतात. बोट निखळलेल्या माणसापुढे म्हणजे दोन वाटा असतात. निपाणीच्या किंवा सांगलीच्या शेतकऱ्यापुढेही त्याच असतात : ग्रामीण रुग्णालय किंवा हाडवैद्य. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा तिसरेच घडते. शेजारी उभा असलेला गडी बोट धरतो आणि जोराने ओढतो. नुकसानीची सुरुवात बहुधा येथेच होते.

करंगळीपासून तर्जनीपर्यंतच्या प्रत्येक बोटाला तीन सांधे असतात. त्यांपैकी मधला सांधा सर्वांत अधिक वेळा निखळतो. बैलाने कासऱ्याला अचानक हिसका दिला, धार काढताना गाईची लाथ सरळ बोटांच्या टोकावर बसली, बांधावरून पडताना हात टेकला गेला, की बोट मागे वाकते. सांध्याच्या तळहाताकडील बाजूस एक जाड, चिवट पडदा असतो. तो फाटतो आणि पुढचे पेर हाताच्या पाठीकडे सरकते. बाजूने पाहिले असता तेथे पायरीसारखा उंचवटा दिसतो, बोट आखूड भासते, सांधा वाकवता येत नाही आणि थोड्याच वेळात सूज चढते. हे रूप ओळखायला सोपे आहे.

कठीण आहेत ती कमी वाकडी दिसणारी बोटे. तर्जनी मुळाशी निखळली तर बोट किंचितच मागे झुकलेले दिसते. पण तळहाताच्या कातडीवर त्या ठिकाणी एक लहानसा खळगा पडतो. हा खळगा म्हणजे धोक्याची खूण होय. अशा वेळी फाटलेला पडदा दोन हाडांच्या मध्ये शिरलेला असू शकतो. मग बोट ओढावे तितका तो अधिक घट्ट अडकतो आणि सांधा शस्त्रक्रियेवाचून बसत नाही. साधे निखळणे केवळ ओढण्यामुळे असे अवघड होऊन बसते, हेही लक्षात घ्यायला हवे. टोकाच्या सांध्यावर कातडी पातळ असल्याने तेथे जखम उघडी असण्याचा संभव जास्त. लहान मुलांमध्ये निखळल्यासारखे दिसणारे बोट अनेकदा हाडाच्या वाढीच्या थरातून मोडलेले असते.

हाडवैद्याच्या हातातील कसब नाकारण्याचे कारण नाही. मधल्या सांध्याचे साधे निखळणे त्याच्याकडून बसतेही. अडचण दोन ठिकाणी येते. सांध्यालगत हाडाचा तुकडा उडाला आहे की नाही, हे बोटांनी चाचपून खात्रीने कळत नाही. त्यासाठी एक्स-रेच लागतो. दुसरे म्हणजे बांधणी. कामट्यांची आवळलेली पट्टी सुजणाऱ्या बोटाचा रक्तपुरवठा तोडू शकते, आणि ती आठवडेच्या आठवडे ठेवली तर नीट बसलेला सांधाही ताठतो. तेलाचे मर्दन व शेक पहिल्या दिवसांत सूज वाढवतात.

शेतात करायचे ते थोडे आहे, पण त्यात विलंब नको. सर्वांत आधी अंगठी किंवा वळे काढावे. सूज चढल्यावर ते निघत नाही. अडकलेच तर साबणाचे पाणी किंवा खाद्यतेल लावून, जोर न करता फिरवत काढावे. बोट ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत, शेजारच्या बोटासह, मऊ कापडाची घडी ठेवून सैल बांधावे. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. बर्फ नसल्यास माठातल्या गार पाण्याचे फडके चालते. हात छातीच्या वर धरावा. जखम उघडी असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन झाकावी. हळद, राख, शेण काहीही भरू नये. शेणामातीने माखलेल्या जखमेत धनुर्वाताच्या मागील लसीला ५ वर्षे उलटली असतील तर पुन्हा मात्रा घ्यावी लागते. बोट पांढरे किंवा निळे पडले, गार लागले, बधिर झाले, तर उद्याची वाट पाहण्यासारखी स्थिती नाही. उघड्या जखमेलाही हेच लागू होते.

रुग्णालयात बोटाच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देतात. मधला सांधा बसवताना डॉक्टर बोट केवळ सरळ ओढत नाहीत. ते किंचित मागे झुकवून, सरकलेल्या पेराचा बुडखा पुढे ढकलतात. बसवण्यापूर्वी आणि नंतर एक्स-रे घेतात. त्यानंतरची एक तपासणी विस्तार कार्यकर्त्यांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे : शेतकरी तो मधला सांधा स्वतःहून पूर्ण सरळ करू शकतो का? करता येत नसेल तर वरचा स्नायुबंध तुटल्याची शंका घ्यावी. असा सांधा सुमारे ६ आठवडे सरळ पट्टीत सतत ठेवावा लागतो. हे राहून गेले तर बोट मध्ये वाकलेले आणि टोकाला उलटे झालेले कायमचे राहते.

साध्या प्रकारात नियम नेमका उलट आहे. थोडा काळ पट्टी, मग शेजारच्या बोटाशी चिकटपट्टीने बांधून लवकर हालचाल. दुखते म्हणून बोट महिनाभर बांधून ठेवणारा शेतकरी निखळण्यापेक्षा ताठरपणानेच अधिक गमावतो. पुढे विळ्याची मूठ आवळताना, कापूस वेचताना ते जाणवते. सांधा काही महिने जाडसर राहतो, कधी वर्षभरही. त्यात घाबरण्यासारखे नाही. मात्र ३ आठवड्यांहून अधिक काळ निखळलेलाच राहिलेला सांधा बाहेरून बसवणे कठीण होते आणि बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून हंगाम संपल्यावर दाखवू, हा विचार महाग पडतो.

जनावर धरताना कासरा किंवा दावे बोटांभोवती गुंडाळण्याची सवय सर्वत्र आहे. त्याऐवजी दोरीची घडी तळहातात धरली, तर हिसका बसताच ती हातातून सुटते. ट्रॉलीवरून उतरताना अंगठी फाळक्याच्या कडीत अडकून बोटाची कातडीच सोलून निघते. ती इजा निखळण्याहून फार गंभीर असते. कामावर जाताना अंगठी घरीच काढून ठेवावी.