गॅलरीतील पाम : ओळख आणि निगा

आमच्या गिरगाव-दादरच्या चाळींत स्वतःचे अंगण नसले, तरी हिरवाईची हौस काही सरत नाही. गॅलरीत एखादी पामची कुंडी हटकून आढळते. परंतु ‘पाम’ या एका नावाखाली निरनिराळी झाडे विकली जातात, आणि मुलाबाळांच्या घरात तो भेद जाणणे अगत्याचे आहे.

‘अरेका’ म्हणून मिळणारे झाड आपली पोफळ नव्हे. पोफळीस एकच सरळ खोड असते. हे मूळचे मादागास्करचे झाड बुडापासून पिवळसर दांड्यांचा झुबका करते. ते निरुपद्रवी असून थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात चांगले वाढते. माशाच्या शेपटीसारखी पाने दिसली, तर तो कोकणातील भेरली माड किंवा त्याचा भाऊबंद समजावा. त्याच्या फळांच्या रसाने अंगास खाज सुटते. सायकस तर पामच नव्हे! त्याची पाने ताठ व टोकदार असतात. त्याचे सर्वच भाग, विशेषतः बिया, विषारी आहेत. रांगते मूल असलेल्या घरी ते न ठेवणेच शहाणपणाचे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निगा सोपी आहे. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. पावसाळ्यात हात आखडता घ्यावा. शेंडा मात्र कधीही छाटू नये. पामच्या खोडास वाढीचा कोंब एकच. तो गेला की ते खोड गेले.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मोठे वाढलेले पाम आहेत. खरेदीपूर्वी ते मुलांसह एकदा पाहून यावेत.