उंबऱ्यावरचे दोन हात

रेम्ब्रांटचे १६३७ मधील हे चित्र जेमतेम साडेबारा सेंटिमीटर उंच. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखून, आम्लाने रेघा खोदून छापलेले. विषय बायबलमधला. सारेला मूल होईना, म्हणून तिनेच आपली दासी हागार नवऱ्याला दिली. हागारला इश्माएल झाला. पुढे सारेलाही इसहाक झाला, आणि तिने मायलेकांना घालवून देण्याचा हट्ट धरला. मुसलमान परंपरेतली हाजरा ती हीच.

रेम्ब्रांट इथे वाळवंट दाखवत नाही, दार दाखवतो. खिडकीतून सारा हसते, दाराआडून इसहाक डोकावतो, हागार डोळ्यांना रुमाल लावून निघाली आहे. मधोमध अब्राहाम हात पसरून उभा. बरीच वर्षे मला तो आशीर्वाद वाटला. मग पाय पाहिले: एक पायरीवर, एक खाली. एक हात घराकडे, एक जाणाऱ्यांकडे. तो कुणाचाच धड नाही.

आमच्या पालीच्या परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. त्यांना घरचे कोणी हाकलत नाही, गरिबी हाकलते. तरी भाकरी बांधून देणारे, उंबऱ्यात थांबलेले हात पाहिले की हे चित्र आठवते. अब्राहामानेही भाकरी-पाणी दिलेच होते. त्याने जाणे थांबले नाही.