जमिनीवर बसणाऱ्या घरांची फरशी

आपल्या घरांत जमिनीला जेवढे काम पडते, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. दस्तरखान तिच्यावर अंथरायचा, जानमाज तिच्यावर, मुलांचा गृहपाठ तिच्यावर आणि ईदला पाहुणे जास्त झाले की गाद्याही तिच्यावरच. कोकणातल्या जुन्या घरांत शेणाने सारवलेली जमीन होती. मग कोबा आला, शहाबादी आली, मोझॅक आले आणि आता जिकडेतिकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. ती दिसते छान. पण तिच्यावर सांडलेले पाणी पटकन दिसत नाही आणि वुजू करून ओल्या पायांनी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते महाग पडते.

आमच्या घरात हा विषय निघाला तो यामुळेच. अम्मींचे वय पंच्याहत्तरच्या पुढे. न्हाणीघरापासून त्यांच्या खोलीपर्यंत सात-आठ पावले, पण तेवढ्यात त्या दोनदा घसरल्या. हाड वाचले, हिंमत गेली. दिवसातून पाच वेळा भिंतीला धरून चालणे सुरू झाले. फरशी फोडून नवी घालायची म्हणजे धूळ, मलबा आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन काही दिवस दुसऱ्याच्या घरी राहणे. म्हणून आहे त्या टाइलवरच विनाईल घालायचे ठरले आणि आम्ही दोघांनी शाळा सुटल्यावर दुकाने पालथी घालायला सुरुवात केली.

विनाईल म्हटले की अजून अनेकांना गुंडाळी करून मिळणारे पातळ प्लास्टिकचे कार्पेट आठवते. काही जुनी माणसे त्यालाच लिनोलियम म्हणतात. लिनोलियम वेगळे. ते जवसाच्या तेलापासून बनते आणि फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने ते १८६० च्या दशकात आणले. विनाईल म्हणजे पीव्हीसी. हे कडक प्लास्टिक लवचिक करण्याची युक्ती अमेरिकेत वाल्डो सेमन यांना १९२६ मध्ये सापडली आणि १९३३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात विनाईलच्या फरश्या लोकांपुढे आल्या. आज 'लक्झरी विनाईल' म्हणून जे विकले जाते त्यात एकावर एक थर असतात. खाली पाठ, मधे गाभा, त्यावर लाकडाचा किंवा दगडाचा छापील फोटो आणि सर्वांत वर झीज सोसणारा पारदर्शक थर. म्हणजे आपण ज्या 'सागाच्या फळी'वर भाळतो तो एक फोटोच असतो. त्या फोटोचे आयुष्य वरचा पारदर्शक थर ठरवतो.

दुकानदार आधी एकूण जाडी सांगतो, चार मिलिमीटर, सहा मिलिमीटर. आपण विचारायचे ते वरच्या थराबद्दल, ज्याला ते वेअर लेयर म्हणतात. झोपायच्या खोलीला ०.३ मिलिमीटर पुरतो. हॉल, पॅसेज, जिथे दिवसभर ये-जा असते, तिथे ०.५ घ्यावा. यात एक गोंधळ हमखास होतो. काही माहितीपत्रकांत हा थर 'मिल'मध्ये दिलेला असतो आणि मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग. १२ मिल म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर आणि २० मिल म्हणजे ०.५. एका दुकानात आम्हाला 'वीस मिल, एकदम जाड' असे सांगितले गेले. आकडा खरा होता, फक्त आवाज मोठा होता.

प्रकार मुख्यतः तीन. गोंदाने चिकटवायची दोन-तीन मिलिमीटरची पातळ पट्टी, एसपीसी आणि डब्ल्यूपीसी. एसपीसीच्या गाभ्यात चुनखडीची पूड असते, त्यामुळे ती कडक असते. कपाटाच्या पायाने तिला सहसा खड्डा पडत नाही. डब्ल्यूपीसीचा गाभा फेसाळ, म्हणून पायाला मऊ आणि कमी थंड, पण जड वस्तूने दबते. या दोन्ही बहुधा एकमेकींत अडकवून, 'क्लिक' करून बसवतात; खालच्या फरशीला गोंद लागत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण नीट काढली तर क्लिकची फरशी दुसऱ्या घरी नेता येते.

आता खाली काय आहे ते. आमच्या मते निम्मे काम इथेच असते आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही. पातळ चिकटवायची पट्टी जुन्या टाइलवर तशीच लावली तर काही महिन्यांत टाइलांच्या सांध्यांच्या रेषा वर उमटतात. आधी लेव्हलिंगचा पातळ थर ओतून सांधे भरून घ्यावे लागतात. क्लिकची फरशी थोडे सांधे झाकते, पण जमिनीत चढउतार असेल तर पाय पडला की ती लचकते आणि हळूहळू तिची खाच तुटते. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर ठेवून पाहावी. खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी जमीन सरळ करायची. मऊ व्हावी म्हणून जाड फोम खाली घालण्याचा सल्लाही ऐकू नये. एसपीसीला बहुतेक वेळा पाठीलाच पातळ फोम चिकटवलेला येतो. त्याखाली आणखी फोम घातला की सांधे सुटतात.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना ओलीचे भय. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट लावून एक दिवस ठेवा. काढल्यावर आतून थेंब दिसले तर जमीन ओल धरते आहे. ओल थांबवल्याशिवाय वर काहीही घालू नका. ही परीक्षा पावसाळ्यात करावी, मे महिन्यात सगळ्याच जमिनी कोरड्या असतात.

'पूर्ण वॉटरप्रूफ' हा शब्द तर प्रत्येक पाकिटावर असतो. पट्टी पाण्याने फुगत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सांध्यांतून आणि भिंतीच्या कडेने पाणी खाली गेले तर ते जुन्या फरशीवर अडकून बसते आणि वास मारू लागते. आपल्याकडे ईदच्या आधी बादल्या ओतून फरशी धुण्याची रीत आहे. विनाईल घातल्यावर ती सोडावी लागते. ज्या घरात ती सुटणार नाही, तिथे विनाईल घालू नये हे बरे. न्हाणीघर, मोरी, पावसाची झड येणारी ओटी किंवा बाल्कनी इथेही नकोच. तिथे खरबरीत टाइल ती टाइल.

स्वयंपाकघराबद्दल आमच्या घरात बराच वाद झाला. मुलाला सगळीकडे एकसारखी फरशी हवी होती. दिसायला ते खरेच चांगले, घर मोठे वाटते. पण गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो आणि आपण तो लोखंडी कडेवर फिरवत नेतो. गरम तवा किंवा कुकर खाली टेकवला की विनाईलवर कायमचा डाग. ओट्याखालची पक्की बसवलेली कपाटेही क्लिकच्या फरशीवर ठेवता येत नाहीत, तिला उन्हाळ्या-पावसाळ्यात हलायला जागा लागते. शेवटी आमचे स्वयंपाकघर होते तसे ठेवले, आणि वाचलेल्या पैशांत पॅसेजला चांगला वेअर लेयर आला.

पॅसेज आणि अम्मींची खोली हे तर मूळ कारण. घसरण्याबाबत माहितीपत्रकात आर ९, आर १० असे आकडे असतात. ती चाचणी तेल सांडलेल्या उतारावर बूट घालून करतात. आपण घरात अनवाणी असतो. ओल्या अनवाणी पायांची चाचणी वेगळी, तिचे वर्ग ए, बी, सी असे असतात आणि सी सर्वांत सुरक्षित. हा वर्ग दिलेला नसेल तर नमुना घरी आणून त्यावर पाणी शिंपडा आणि ओला तळवा घासून पाहा. आम्ही चार नमुने न्हाणीघराच्या दारात ठेवले आणि अम्मींना काठी व आमचा हात देऊन त्यांवर उभे केले. दोन त्यांनी लगेच नाकारले. त्यातला एक सर्वांत महाग होता. निवडलेली पट्टी मॅट, लाकडाच्या रेषा बोटाला लागतील अशी. बसवल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी भिंत सोडली. आता वुजूनंतर पाय पुसायला दारात सुती पायपुसणे आहे. रबरी पाठीचे पायपुसणे विनाईलवर ठेवू नका, त्याच्या रसायनाने खाली पिवळट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही.

नमाजच्या कोपऱ्याबद्दल एक गोष्ट. एका ओळखीच्या घरात पट्ट्या किब्ल्याच्या दिशेने घालून घेतल्या, म्हणजे जानमाज सरळ दिसेल. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेकडून किंचित उत्तरेला कलतो आणि फ्लॅटच्या भिंती क्वचितच त्या रेषेत असतात. त्यामुळे पट्ट्या तिरक्या येतात, प्रत्येक भिंतीपाशी कापाव्या लागतात आणि माल वाया जातो. आमच्या मते पट्ट्या खोलीच्या लांबीने घालाव्यात आणि जानमाज तिरकी अंथरावी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या खोलीत मात्र कडक एसपीसीपेक्षा डब्ल्यूपीसी विचारात घ्यावी.

रंगाचा निर्णय दुकानातल्या दिव्याखाली करू नका. नमुना आठवडाभर घरात ठेवून सकाळी खिडकीपाशी, रात्री ट्यूबलाइटखाली पाहा. हल्ली फिकट राखाडी रंगाची फार चलती आहे, पण जांभ्याची लाल माती असलेल्या गावात तो रोज रडवतो. गडद कॉफी रंगावर धूळ आणि पांढरे केस दिसतात. आपल्या अंगणातल्या मातीच्या जवळ जाणारा मध्यम लाकडी रंग घ्यावा, असे आम्हाला वाटते. खोली लहान असेल तर रुंद पट्टी आणि कमी गाठींचा नमुना बरा. हॉलमध्ये खाली बैठक आणि गालिचा असेल तर फरशी साधीच ठेवा, नाहीतर गालिचा आणि फरशी भांडतात. पश्चिमेच्या उन्हाच्या दारापाशी जाड पडदा लावा, उन्हाने विनाईल फिके पडते.

हिशेब असा करावा. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. कापाकापीसाठी दहा टक्के धरले की १३२. हेरिंगबोनसारखा तिरपा नमुना असेल तर पंधरा टक्के. एका पाकिटात २४ चौरस फूट असतील तर सहा पाकिटे लागतील, पाच पुरत नाहीत. दर विचारताना बसवणे, स्कर्टिंग, दारातल्या पट्ट्या, लेव्हलिंग आणि जीएसटी धरून एकच आकडा लिहून मागा. दरवाजे खालून तासावे लागतील, तो सुताराचा खर्च वेगळा. घरात रांगणारे मूल असेल तर थॅलेट नसलेला माल मागावा आणि नवी फरशी घातल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

माल घरी आला की बंद पाकिटे त्याच खोलीत ४८ तास आडवी ठेवू द्या, कारागीर घाई करेल तरी. भिंतीशी सहा ते दहा मिलिमीटर फट सोडली आहे ना, हे स्कर्टिंग लागण्यापूर्वी पाहा. पुसायला पिळलेले फडके आणि सौम्य साबण पुरे. ॲसिड नको, वाफेचा पोछा नको. मेंदी किंवा केसांचा रंग सांडला तर त्याच मिनिटाला पुसा. उरलेल्या चार-सहा पट्ट्या माळ्यावर सपाट ठेवा, भिंतीला टेकवून ठेवल्या तर वाकतात. पाकिटावरचा बॅच नंबर कापून त्यांच्यातच ठेवा, कारण पुढे तोच नमुना मिळाला तरी रंगाची छटा तीच मिळेल याचा भरवसा नसतो.