कासवाचें अंगण आणि कुंपणाचीं झाडें

शेताच्या कुंपणासाठीं झाड निवडतांना शेतकरी प्रथम एकच गोष्ट पाहतो: गुरांनीं त्याला तोंड लावूं नये. बुलढाणा जिल्ह्यांतील धामणगाव बढेसारख्या गांवाकडे बांधांवर तिधारी निवडुंग, रुई व घाणेरी टिकून राहतात, त्याचें कारण हेंच. परंतु तींच झाडें कासवाच्या अंगणांत लावलीं, तर जो गुण शेताचें रक्षण करतो तोच प्राण्याचा घात करूं शकतो.

येथें कायद्याची बाजू आधीं सांगितली पाहिजे. आपल्या देशांतील तारा कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित असून तें घरीं पाळतां येत नाहीं. परदेशी जातीचें कासव ज्यांच्यापाशीं रीतसर आलेलें आहे, त्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणें त्याची नोंद करावी लागते. पुढील विवेचन अशा, गवतपाल्यावर राहणाऱ्या, जमिनीवरील कासवांपुरतें आहे.

'प्राण्याला आपलें विष आपोआप कळतें' अशी समजूत पुष्कळांची असते. रानांत चरावयास मोकळें क्षेत्र असतें. एक पान कडू लागलें, तर कासव दुसरीकडे वळतें. चार भिंतींच्या आंत मात्र ही निवड मालकाच्या हातीं जाते. जें लावावें तेंच तें खाणार.

म्हणून कण्हेर, पिवळी कण्हेर, धोत्रा, रुई, घाणेरी आणि एरंड हीं सर्वथा वर्ज्य समजावींत. कण्हेरीच्या प्रत्येक भागांत हृदयाची गति बिघडविणारें विष असतें. घाणेरीनें गुरांचें यकृत बिघडतें, हें पशुवैद्यांच्या परिचयाचें आहे. शहरांतील कुंड्यांत शोभेसाठीं ठेवलेले मनी प्लांट व डिफेनबाखिया यांच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांनीं तोंड व घसा सुजतो.

निवडुंगाच्या बाबतींत तर नांवच फसवितें. फड्या निवडुंगाचे कोंवळे फड, काटे व कुसळें काढून दिल्यास, उत्तम खाद्य आहे. तिधारी निवडुंग मोडतांच पांढरा चीक येतो. तो दाहक असतो. मात्र चीक हीच एक कसोटी सर्व झाडांना लावूं नये. तुतीच्या पानांतून चीक येऊनहि तीं खाण्यास योग्य असतात, आणि धोत्र्यांत चीक नसूनहि तो विषारी असतो. झाडाची नेमकी ओळख पटल्यावांचून तें लावूं नये, हाच सुरक्षित नियम.

लावण्यास योग्य अशीं हरळी, जास्वंद, तुती व फड्या निवडुंग हीं आपल्या उष्ण हवेंत सहज वाढतात. गवत हें मुख्य अन्न ठेवावें. पालक व घोळ यांत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असतें. तें कॅल्शियमला बांधून ठेवतें, आणि कवचाला तर कॅल्शियमच हवें. म्हणून तीं क्वचित् द्यावींत. फळें अगदीं थोडीं द्यावींत. पोळी, भात व दूध देऊं नये.

कापूस व सोयाबीनच्या शेतांवर औषधांची फवारणी होते. बांधावरचा पाला निर्दोष दिसला, तरी तो कासवापुढें टाकूं नये.

कासव ओरडत नाहीं. त्यानें खाणें सोडलें, मान टाकली किंवा तोंडाला फेंस आला, तर घरगुती उपाय न करितां, खाल्लेल्या झाडाची डहाळी बरोबर घेऊन, तत्काळ पशुवैद्याकडे जावें. ती डहाळी पाहिल्यास विष ओळखण्यांतला वेळ वांचतो.