मुलांच्या हाताला काम द्या, मजुरी नको

पाचवी-सहावीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना आम्हा शिक्षकांना एक गोष्ट नेहमी दिसते. अडीच टक्के म्हणजे किती, असे फळ्यावर लिहून विचारले की वर्ग गप्प होतो. त्याच मुलांपुढे चाळीस हरभरे ठेवून एक दाणा बाजूला काढायला सांगितला की जकातीचा हिस्सा त्यांना लगेच समजतो. मग शंभर हरभरे द्यावेत. चाळिसाला एक या हिशेबाने दोन दाणे निघतात आणि वीस उरतात. त्या विसांसाठी अर्धा दाणा हवा. हरभरा फोडला की त्याच्या दोन डाळी होतात, त्यातली एक डाळ म्हणजे तो अर्धा. शंभरात अडीच! हे मग पाठ करावे लागत नाही.

हा विचार आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी मांडला गेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. योजना आखण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि सूतकताई, सुतारकाम, शेती अशा एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने, अशी ती योजना होती. सूत मोजताना गणित यावे आणि कापूस कोठे पिकतो हे शोधताना भूगोल यावा, ही त्यामागची कल्पना.

त्याच समितीने एक इशाराही दिला होता. कामातून मिळणाऱ्या पैशावरच भर दिला गेला, तर शिक्षणाचा मूळ हेतू मागे पडेल. हा इशारा आज आपल्या मोहल्ल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. "अभ्यासात डोके चालत नाही, निदान हात तरी चालू दे," असे म्हणून आठवीतल्या मुलाला गॅरेजवर बसवले जाते. तेथे तो पाना ओळखायला शिकतो, पण इंजिन का तापते हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्या "का?" या प्रश्नाला कोणाकडे वेळ नसतो. त्याला अनुभव मिळतो, शिक्षण मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला, मार्कांच्या काळजीने काही घरांत मुलांना कशालाच हात लावू दिला जात नाही. मुलींना घरकाम भरपूर सांगितले जाते, पण त्यातला हिशेब कोणी विचारत नाही. अम्मी बिर्याणीसाठी तांदूळ मोजतात तेव्हा मुलाला आणि मुलीला, दोघांनाही जवळ बसवावे. आठ माणसांना एक किलो, तर बारा पाहुण्यांना किती? अब्बू शिवणकाम करत असतील तर माप मुलांना घेऊ द्यावे. मालेगाव-भिवंडीत तर ताणा-बाणा घरोघरी माहीत आहे. एका इंचात किती धागे बसतात, हे मुलांनी स्वतः मोजावे.

काम पंधरा मिनिटांचेच असावे, शाळेचा तास बुडवून नसावे. चूक झाली तर वस्तू हातातून हिसकावून घेऊ नये. काम झाल्यावर एवढेच विचारावे, "बेटा, हे असे का झाले?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.